खड्ड्यात पडलेल्या आठ कॉर्व्हेट: दुरुस्त करायला हव्या होत्या का?

रस्ताभर

मंडळी, परवा जुने फोटो चाळताना एक जुना वाद डोक्यात पुन्हा उफाळून आला. घरात कोणाला त्यात रस नाही, म्हणून इथे टाकतो.

काही वर्षांपूर्वी नॅशव्हिलहून लुईव्हिलला जाताना वाटेत बोलिंग ग्रीनला थांबलो होतो. केंटकीतल्या या गावात १९८१ पासून कॉर्व्हेट, म्हणजे शेवरलेची स्पोर्ट्स कार, तयार होतात आणि कारखान्याजवळच नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम आहे. १२ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे साडेपाचनंतर तिथल्या स्कायडोम नावाच्या दालनातली जमीन खचली. आत चिटपाखरू नव्हतं. हालचाल टिपणारे सेन्सर वाजले म्हणून लोकांना कळलं. आठ गाड्या खाली गेल्या, साधारण तीस फूट. सीसीटीव्हीतला तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. फरशी आधी जराशी कलते आणि मग गाडी अशी जाते, जणू कोणी खालून ओढली.

आठ गाड्या अशा: १९६२ ची काळी, १९८४ ची पीपीजी पेस कार (शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावणारी), १९९२ ची दहा लाखावी कॉर्व्हेट, १९९३ ची चाळिसाव्या वाढदिवसाची लाल, १९९३ चीच झेडआर-१ स्पायडर, २००१ ची मॅलेट हॅमर, २००९ ची झेडआर-१ 'ब्लू डेव्हिल' आणि २००९ ची पंधरा लाखावी. शेवरलेने आधी जाहीर केलं होतं की आठही नीट करून देऊ. प्रत्यक्षात तीनच केल्या: ब्लू डेव्हिल, दहा लाखावी आणि १९६२ ची. उरलेल्या पाच चेपलेल्या अवस्थेतच ठेवल्या.

आता मुद्दा. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मॅलेट हॅमरसमोर पाचेक मिनिटं उभी राहिली, मग विचारते, "बाबा, हिचं तोंड कुठल्या बाजूला आहे?" मलाही पटकन सांगता येईना. नंतर दहा लाखावी दाखवली. पांढरीशुभ्र, आतून लाल, चकाचक. सांगितलं, हीसुद्धा पडली होती. तर म्हणे, "खोटं."

तेव्हापासून माझं मत असं, की त्यांनी एकाही गाडीला हात लावायला नको होता. तुम्हाला काय वाटतं?

उगाचच

पहिला! (एक गाडी मलाही चालली असती. चेपलेलीसुद्धा.)

लांबीवाला

रस्ताभर, मत चुकलंय. वीस वर्षं बॉडी शॉपमध्ये काढली आहेत म्हणून जरा लांब लिहितो.

गाडी पडली, तर उचलून नीट करतात. तिला नीट करता येणं हाच तर तिच्या घडणीचा भाग आहे. त्यातून कॉर्व्हेट ही पत्र्याची गाडी नाही. १९५३ साली पहिल्या तीनशे निघाल्या तेव्हापासून बॉडी फायबरग्लासची. पत्रा चेपला की ठोकून, ओढून बऱ्यापैकी जागेवर येतो. फायबरग्लास चेपत नाही, तो फुटतो. वरून नुसता रंग तडकलेला दिसतो, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, आणि घासायला घ्यावं तर खालचा थर पार सुटलेला. मग तुटलेली कड उतरती घासायची, आतून मॅट आणि रेझिन लावायचं, सुकू द्यायचं, पुन्हा घासायचं, शेवटी हातभर लांबी, म्हणजे भेगा-खळगे भरायची पुट्टी. माझ्या नावाचा उगम कळला असेलच.

सांगायचं काय, की आठांपैकी कुठली वाचणार आणि कुठली नाही हे कोणा समितीने ठरवलेलं नाही. खालच्या सांगाड्याने ठरवलं. चासी पिळली नसेल तर वरचं सगळं पुन्हा उभं राहतं. मॅलेट हॅमरचे फोटो बघा, तिच्यावर सिमेंट-दगडांचा ढीग होता. सगळ्यांत शेवटी, एप्रिलमध्ये बाहेर आली. तिथे लांबी लावणार कशाला?

खवचट

'खालच्या सांगाड्याने ठरवलं' हे खरं असतं तर शेवरलेने आठही नीट करायचं आधी कबूलच केलं नसतं. पैसा आणि मनुष्यबळ असेल तर कागदी नंबराभोवती अख्खी गाडी उभी करतात लोक. आणि विकतातही.

लांबीवाला

@खवचट, अहो, कबूल केलं तेव्हा गाड्या खड्ड्यात होत्या. बाहेर निघाल्यावर कळलं की काही गाड्यांत नवीन भाग इतके लागतील की जुनं जवळजवळ काही उरणार नाही. ती मग दुरुस्ती नव्हे, नक्कल. आणि त्यांनी तसं उघड मान्य केलं, हे मला तरी आवडलं.

चुनखडी

भूगर्भवाली आहे, त्यामुळे गाड्यांपेक्षा खड्ड्यात जास्त रस. थोडं अवांतर.

त्या सगळ्या पट्ट्यात खाली चुनखडीचा दगड आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि फटीफटीतून दगड विरघळवत जातं. लाखो वर्षांत खाली गुहा तयार होतात. जवळच मॅमथ केव्ह आहे, ६८० किलोमीटरहून जास्त मोजलेली, जगातली ज्ञात असलेली सर्वांत लांब गुहा. या प्रकारच्या भूभागाला कार्स्ट म्हणतात. स्कायडोमखाली अशीच एक पोकळी होती आणि तिचं छत कोसळलं. म्हणजे खड्डा त्या पहाटे 'पडला' नाही, तो आधीपासून होता. त्या पहाटे दिसला इतकंच.

आणि माझी खरी तक्रार अशी की गाड्या ठेवायच्या की नाही यावर सगळे भांडतात, पण खड्डा बुजवला त्याबद्दल कोणी अश्रू ढाळत नाही!

उगाचच

खड्डा जतन करा ही मागणी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

चुनखडी

हसा. म्युझियमने स्वतः तो विचार केला होता. त्यांच्या मंडळाने आधी खड्ड्याचा काही भाग उघडा ठेवायचं ठरवलं होतं. लोक यायला लागले होते ना बघायला. मग हिशेब झाला. आधाराच्या भिंती, तुळया, खालून येणारा दमटपणा आवरायची यंत्रणा. खर्च तर वाढणारच होता, पण एवढं सगळं घातल्यावर तो मूळ खड्ड्यासारखा दिसणारही नव्हता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ठरवलं की पूर्ण बुजवायचा. आठवण म्हणून जमिनीत एक मॅनहोल ठेवलं आहे.

म्हणजे बघा, 'आहे तसं ठेवणं' खड्ड्यालाही जमलं नाही.

मोडीवाचक

चुनखडीताईंनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. मी एका संग्रहालयात कागद आणि कापड जतनाचं काम करते. गाड्यांतलं फार कळत नाही, पण 'हात लावायला नको होता' हे वाचून राहवेना.

हात न लावता काहीच टिकत नाही. चेपलेली गाडी 'तशीच' ठेवायची म्हणजे आधी टाकीतलं पेट्रोल आणि इंजिनातलं तेल काढायचं. फुटलेल्या काचा लटकत असतील तर त्या लोकांच्या अंगावर पडणार नाहीत हे बघायचं. वाकलेला भाग आपल्याच वजनाने दर वर्षी थोडा थोडा खाली येत असतो, त्याला न दिसेल असा आधार द्यायचा. जिथे रंग उडून लोखंड उघडं पडलं तिथे गंज चढणार, तो थोपवायचा. आणि माती? अंगावरची माती हाच सगळ्यांत अवघड प्रश्न. ती त्या घटनेची साक्ष आहे, पण ती ओल धरते. ठेवली तर खालचा धातू खाते, पुसली तर गाडी नुसती अपघातातली दिसते.

आमच्याकडे एक जुनी पत्रपेटी आली होती, पुरात भिजलेली. पत्रं वेगळी करून वाळवली, सपाट केली. शेवटच्या पाकिटावर कोणाच्या तरी ओल्या अंगठ्याचा चिखलाचा ठसा होता. पूर आल्यावर पेटी उचलणाऱ्याचा असणार. चिखल पुसायचा की ठेवायचा यावर दोन बैठका झाल्या. ठेवला.

वाहनांच्या बाबतीतही याचे संकेत आहेत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये ट्युरिन चार्टर स्वीकारला. इमारतींसाठी १९६४ चा व्हेनिस चार्टर आहे, त्याच धर्तीवर. त्यातलं मला पटणारं एक कलम असं, की बदललेल्या भागांवर कायमची, सहज ओळखू येईल अशी खूण हवी. म्हणजे पुढच्या माणसाला जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळेल.

रस्ताभर

@मोडीवाचक, दंडवत! 'हात लावायला नको' हे शब्द मागे. 'दुरुस्त करायला नको' असं वाचा.

ह्यूस्टनकरीण

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. शेजारच्या आजोबांकडे १९६८ ची कमॅरो, त्यांनी स्वतः नवीन घेतलेली. गॅरेजमध्ये दोन दिवस पाण्यात उभी.

विमा कंपनीचा माणूस आला, दार उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि 'टोटल लॉस' लिहून गेला. सात मिनिटं लागली, मी समोरच होते. आजोबांनी पैसे घेतले आणि गाडी परत स्वतःच विकत घेतली. मग कागदावर साल्वेजचा, म्हणजे 'बाद गाडी'चा शिक्का, तो पुसून घ्यायला तपासणी, चकरा. वर्ष गेलं त्यात.

त्यांनी सगळं उघडलं. वायरिंग फेकलं, सीटचा स्पंज फेकला, इंजिन धुतलं. मालकाची पुस्तिका होती, तिची पानं एकेक सोडवून माझ्याकडच्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाकली होती. माझे टॉवेल आठवडाभर खुर्च्यांवर! गाडी शेवटी चालू झाली. रंग नवा, सीट नव्या. पण दाराच्या आतल्या अस्तरावर चिखलाची आडवी रेघ होती, पाणी कुठवर आलं होतं ती. ती ठेवली. मी म्हटलं, हे का नाही बदललं? म्हणाले, "बाकीची गाडी माझी आहे. एवढं त्या पाण्याचं."

त्यामुळे ठेवायचं की दुरुस्त करायचं, या भांडणात मी दोन्हीकडून.

खडूस_काका

सुरेख प्रतिसाद. पण ती गाडी त्यांची होती, चालवायची होती. म्युझियममधली गाडी कोण चालवतंय? चालणाऱ्या गाडीला दुरुस्तीचं कारण असतं. उभ्या गाडीला फक्त दिसण्याचं.

लांबीवाला

+१ ह्यूस्टनकरीण. ती रेघ डोळ्यांसमोर आली.

@खडूस_काका, ब्लू डेव्हिल बघा. ३ मार्च २०१४ ला सगळ्यांत आधी तीच वर काढली आणि ती सुरू झाली. क्रेनने ठेवल्यावर स्वतःच्या इंजिनावर चालत गेली! तेलाची एक नळी तुटलेली, पुढची काच तडकलेली, मागचे कंट्रोल आर्म वाकलेले, खालचे कार्बन फायबरचे भाग फुटलेले. तीस फूट पडून एवढंच. जी गाडी हात वर करून 'मी जिवंत आहे' म्हणते तिला मेल्यासारखं झोपवून ठेवायचं?

खवचट

उलट मी तीच तशीच ठेवली असती. तडकलेल्या काचेसकट, सुरू होणारी. शाळेच्या मुलांसमोर रोज एकदा इंजिन चालू करून दाखवायचं. त्याहून मोठी जाहिरात नाही मिळणार. ती झाली नवीकोरी, आणि आता कुठल्याही दुसऱ्या निळ्या झेडआर-१ सारखी दिसते.

अर्धाकच्चा

@खवचट 'नवीकोरी दिसते' आणि 'नवीकोरी आहे' यात फरक आहे ना? तुमच्या आजोबांची काठी: दोनदा मूठ बदलली, तीनदा दांडा, तरी आजोबांचीच.

उगाचच

आणि आजोबाही दोनदा गुडघे बदलून आलेले.

तळटीप

काठीचा विषय निघालाच आहे तर वकिलाला बोलू द्या. हा प्रश्न खरोखर कोर्टात गेलेला आहे.

'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली स्पीड सिक्स. हिने फ्रान्समधली ल मान्सची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोनदा जिंकली. पुढे तिचं रूप बदललं, मोठं इंजिन आलं, १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्टीवर भीषण अपघात झाला, चालक दगावला, गाडी पुन्हा बांधली गेली. १९९० च्या सुमारास एक कोटी पौंडांना सौदा ठरला. मग घेणारे म्हणाले, यात १९२९ चं उरलंय काय? ही ती गाडीच नव्हे. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं.

न्यायाधीशांनी थोडक्यात असं धरलं: मूळ भाग फार थोडे आहेत, हे खरं. पण गाडी कधी नाहीशी होऊन नव्याने जन्मली नाही. एकातून एक बदल होत गेले, साखळी तुटली नाही, आणि 'मीच ती' म्हणणारी दुसरी कोणी नाही. तेव्हा हीच ओल्ड नंबर वन. सौदा पाळा.

माझ्या दृष्टीने निकालातलं महत्त्वाचं हे, की 'अस्सल' आणि 'मूळ भागांची' हे दोन वेगवेगळे दावे आहेत. दहा लाखावी कॉर्व्हेट कितीही बदलली तरी दहा लाखावीच. पंधरा लाखावी चेपलेली असली तरी पंधरा लाखावीच. दुरुस्तीने ओळख जात नाही आणि न केल्याने वाढत नाही. मग रस्ताभर यांचा प्रश्न ओळखीचा नाहीच. तो पुराव्याचा आहे.

खवचट

तळटीप, निकाल छान सांगितलात, पण बाजाराने 'साखळी'चा अर्थ काय काढला ते बघा. फ्लोरिडात एका संग्राहकाच्या वीस फेरारी एका कोठारात होत्या. २००४ च्या चार्ली वादळात ते कोठार त्यांच्यावर कोसळलं. मग बरीच वर्षं त्या गोदामात पडून. ऑगस्ट २०२३ मध्ये माँटेरेला लिलाव झाला. त्यात एक ५०० माँडियाल होती, ती तर वादळाच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात, जळलेली. फोटो पाहिलात तर चुरगळून फेकलेला चांदीचा कागद वाटेल. चाकं नाहीत, तोंड नाही. १८ लाख ७५ हजार डॉलर! कोणी ते पुरावा म्हणून घेतलं असेल असं वाटतं? चासीचा नंबर मिळाला, बास. आता त्या नंबरावर नवी गाडी बांधा.

म्हणून म्युझियमने पाच गाड्या चेपलेल्या ठेवल्या याचं मला कौतुक आहे. विकायच्या नसलेल्या गाडीलाच चेपलेलं राहायची चैन परवडते.

सुमनमावशी

मी गाड्यांतली नाही, नातवाने लिंक पाठवली म्हणून वाचते आहे. एक विचारू का? तिथे कोणी मेलं नाही म्हणून सगळ्यांना चेपलेल्या गाड्या बघायला मजा वाटते. खड्ड्यात रात्रपाळीचा एखादा पहारेकरी गेला असता तर त्या पाच गाड्या अशा मांडल्या असत्या का?

मोडीवाचक

मावशी, खूप मोलाचा प्रश्न. बहुतेक नसत्या मांडल्या. किंवा अगदी वेगळ्या रीतीने मांडल्या असत्या.

कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल आठवा. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बाँब पडले. भिंती उरल्या, छप्पर गेलं. ते अवशेष तसेच ठेवून शेजारी नवं उभारलं, १९६२ मध्ये ते सुरू झालं. तिथे जाणारा माणूस आवाज खाली आणतो. उलट ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्खं कित्येक दशकं ढिगारा होतं, ते पुन्हा जसंच्या तसं बांधून २००५ मध्ये पूर्ण केलं. पण जुने दगड काळे आणि नवे फिकट, सगळ्या भिंतीवर ठिपके दिसतात. कुठला दगड पडला होता ते लांबून कळतं.

खडूस_काका

धागा गाड्यांचा, पोचलो चर्चमध्ये. आवरा.

उगाचच

पॉपकॉर्न संपले, कोणीतरी आणा.

फिरतीचा_पाना

मोटारसायकलवाल्यांकडून एक मुद्दा. सगळी संकटं सारखी धरू नका. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ नॅशनल मोटरसायकल म्युझियम आहे. सप्टेंबर २००३ मध्ये आग लागली, साडेतीनशेहून जास्त मोटारसायकली जळाल्या. त्यांनी चेपलेलं-जळालेलं ठेवू वगैरे न म्हणता थेट दुरुस्तीला हात घातला आणि २००४ च्या डिसेंबरात पुन्हा दारं उघडली.

पडलेली गाडी आणि जळालेली गाडी यात फार फरक. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, इंजिनाच्या केसिंगचे मिश्रधातू त्याच्याही आधी. आगीनंतर खाली थारोळं उरतं, त्याला दुरुस्त काय करणार? ज्या लोखंडी फ्रेम उरतात त्यांचीही ताकद गेलेली असू शकते. पाण्यातून निघालेली बाहेरून बरी दिसते आणि आतून सहा महिने सडत राहते. त्यामानाने खड्ड्यात पडणं हा गाडीसाठी सगळ्यांत सभ्य मृत्यू. तुटलेले तुकडे सगळे हाताशी असतात.

आणि हो, तुकोबांची गाथा इंद्रायणीतून कोरडी वर आली. इंजिन येत नाही.

रस्ताभर

बापरे, दोन दिवस बाहेर होतो तर धागा कुठच्या कुठे गेला. सगळ्यांचे आभार. तळटीप यांनी बरोबर पकडलं, मला पुराव्याचाच प्रश्न पडला होता. मुलीचं ते 'खोटं' अजून टोचतं.

चेपलेली गाडी स्वतः बोलते. दुरुस्त केलेलीसाठी शेजारी पाटी लावावी लागते, आणि पाटी कोण वाचतं? माझा आग्रह एवढाच, की दहा लाखावी ही त्या गावाची गाडी होती. २ जुलै १९९२ ला तिथेच बनली, तिथेच पडली. रंगही मुद्दाम १९५३ च्या पहिल्या गाड्यांचा, पांढरा आणि आतून लाल. तिच्यावर जे घडलं ते पुसून काय मिळवलं?

लांबीवाला

रस्ताभर, याच गाडीबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली होती. मुद्दाम शेवटासाठी ठेवली असं समजा.

१९९२ मध्ये ती बनत असताना कारखान्यातल्या कामगारांनी तिच्या भागांवर सह्या केल्या होत्या. बाहेरून नव्हे, आत. पॅनेलच्या मागे, अस्तराखाली, जिथे कोणाला कधी दिसणार नाही तिथे. गाडी जीएमच्या (जनरल मोटर्स, शेवरलेची मालक कंपनी) मिशिगनमधल्या डिझाइन सेंटरमध्ये नेली. सुमारे तीस कारागीर, चार महिने, बाराशेहून जास्त तास. जेव्हा उघडली तेव्हा भागाभागावर नावं.

आता बघा पेच. एरवी फुटलेलं पॅनेल काढतो, नवं लावतो, पाऊण तासाचं काम. इथे प्रत्येक फुटक्या तुकड्यावर कोणाची तरी सही. फेकणार कसा? त्यामुळे जिथे नवा भाग टाकणं सोपं पडलं असतं तिथेही जुनाच सांधत बसले. फक्त दोन सही असलेले भाग खरोखर वाचण्यापलीकडे गेले होते. त्यांच्यावरच्या सह्या स्कॅन केल्या आणि नव्या भागांवर तशाच उतरवल्या. ३ सप्टेंबर २०१५ ला गाडी लोकांसमोर आली.

ती चेपलेलीच ठेवली असती तर त्या सह्या कोणी उघडून पाहिल्याच नसत्या. तुम्ही खड्ड्याचा पुरावा मागताय. तिथे त्याहून जुना पुरावा आत होता आणि तो वाचवण्यासाठीच गाडी उघडावी लागली.

मोडीवाचक

हे मला माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

पण व्यवसायाने चिकित्सक, म्हणून विचारतेच. त्या दोन भागांवर उतरवलेल्या सह्या या सह्या आहेत की सह्यांची चित्रं? आमच्याकडे असं केलं तर मूळ तुकडा बाजूला जपून ठेवतो आणि नव्यावर तारीख घालतो.

लांबीवाला

चित्रंच. पण ज्या माणसाने १९९२ मध्ये सही केली तो नातवाला घेऊन आला, तर त्याचं नाव गाडीत आहे हे त्याला पुरेसं असेल.

खवचट

नातवाला दिसणार तर नाहीच, आतल्या बाजूला आहे. पुन्हा पाटीच वाचावी लागणार. :)

अर्धाकच्चा

मग १९६२ च्या काळीचं काय? तिच्यावर सह्या नव्हत्या की ती दहा-पंधरा लाखावीही नव्हती. साधी गाडी, एका माणसाने आयुष्यभर सांभाळून म्युझियमला दिलेली. ती का नीट केली?

खडूस_काका

त्याचसाठी, की कोणीतरी आयुष्यभर सांभाळून दिलेली. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपल्या घरात पडून फुटली तर आपण काय 'घटनेची साक्ष' म्हणून परत दाखवतो का? जोडतो, निदान प्रयत्न करतो. म्युझियमने ती बाहेर न पाठवता स्वतःच्या कार्यशाळेत केली, येणाऱ्या लोकांना काम बघता येत होतं. १२ फेब्रुवारी २०१८ ला, बरोबर चार वर्षांनी, वरचं कापड काढलं. मला या आठांतली हीच दुरुस्ती सगळ्यांत पटते.

तळटीप

खडूस काका, युक्तिवाद जोरदार, पण मॅलेट हॅमरही एका दांपत्याने दान दिलेली होती, तीही पडायच्या काही महिने आधीच. विश्वासाचा निकष लावला तर तीही जोडायला हवी होती.

खडूस_काका

हं. हे मात्र खरं. तिथे लांबीवाल्यांचा सांगाडा आडवा आला म्हणायचं.

उगाचच

आणि पंधरा लाखावीवर झालेला अन्याय कोणीच बोलत नाही. पाच लाखांनी मोठी असून धाकटीला नवे कपडे आणि ही जन्माची चेपलेली. (कृ. ह. घ्या.)

सुमनमावशी

अरे, धाकटी-थोरली उलट झाली. दहा लाखावी आधी जन्मली.

उगाचच

मावशी, तुम्ही 'गाड्यांतली नाही' म्हणाला होतात!

ह्यूस्टनकरीण

रस्ताभर, एक सुचवू? मुलीला तीन फोटो एकापुढे एक दाखवा. दहा लाखावी खड्ड्यात, मग क्रेनवर लटकलेली, मग आजची. आमच्या आजोबांनी त्या चिखलाच्या रेघेशेजारी गॅरेजमधल्या पाण्याचा फोटो चिकटवला आहे. रेघ एकटी कोणाला कळत नाही, लोक विचारतात, कॉफी सांडली का?

रस्ताभर

@ह्यूस्टनकरीण, दाखवले. आता ती चौदा वर्षांची आहे, त्यामुळे 'खोटं' म्हणायचं वय गेलं. क्रेनवरच्या फोटोवर थांबली. पुढचा बंपर निखळलाय, बोनेट उघडं पडलंय. लांबीवाल्यांचा सह्यांचा प्रतिसादही वाचून दाखवला. तर तिचा प्रश्न, "मग मॅलेट हॅमरच्या आत काय होतं ते कोणी बघितलंच नाही?"

माझं मत निम्मं बदललं आहे. दहा लाखावीबद्दल शब्द मागे. ब्लू डेव्हिल मात्र तडकलेल्या काचेनिशी ठेवायला हवी होती. खवचट, हात मिळवा.

खवचट

मिळवला. पण तेलाची नळी बदलून बरं का, नाहीतर रोज इंजिन चालू कसं करणार?

लांबीवाला

नळी बदलली म्हणजे दुरुस्ती सुरू झाली. या आमच्या बाजूला.

फिरतीचा_पाना

@चुनखडी, ते मॅनहोल तुम्ही पाहिलं आहे का? आत दिसतं काही?

चुनखडी

पाहिलं. झाकणावर उभं राहून फोटो काढायला रांग होती. नवऱ्याला म्हटलं, ये, दोघांचा काढू. म्हणाला, "तू भूगर्भवाली ना? आधी तू उभी राहा, मी दोन मिनिटं बघतो."